माणसं : दोन

भोयरांच्या घरी ती जाहिरात आली तेव्हा प्रणिता भोयर ऑफिसात बसून तसल्याच जाहिराती तपासत होती.

तिचं ऑफिस नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये होतं आणि त्याचं नाव चांगलंच लांबलचक होतं : गृहस्थलांतर जाहिरात नियमन कक्ष. घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांनी, लोक ज्यांना नुसतं ‘मूव्हर्सवाले’ म्हणतात त्यांनी, जाहिरातीत काय लिहावं आणि काय लिहू नये हे ठरवणं एवढंच या कक्षाचं काम. प्रणिता तिथे उपनियंत्रक होती. कक्ष सुरू झाला त्या दिवसापासून होती.

तिनं हे काम नुसती नोकरी म्हणून धरलं नव्हतं. पहिल्याच वर्षी वर्ध्याहून सिंधूताई मेश्राम नावाच्या एक निवृत्त नर्स तिच्या टेबलासमोर येऊन बसल्या होत्या. मुलाकडे पुण्याला राहायला जायचं म्हणून त्यांनी एका मूव्हर्सवाल्याच्या हवाली सगळं घर केलं. ट्रक वर्ध्याहून निघाला आणि पुण्याला पोचलाच नाही. जाहिरातीवरचा परवाना क्रमांक बनावट होता, दिलेल्या पत्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. सिंधूताईंनी ते पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. “एवढं सगळं छापील होतं हो बाई,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “छापील खोटं कसं वाटणार?”

त्या गेल्यावर प्रणितानं नियमांचा पहिला मसुदा लिहायला घेतला. प्रत्येक जाहिरातीवर खरा परवाना क्रमांक हवा, खरा पत्ता हवा. ‘सर्वांत स्वस्त’, ‘शंभर टक्के सुरक्षित’ असले शब्द पुराव्याशिवाय बंद. दोन वर्षांत फसवणुकीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या.

आणि मग ‘चाहूल’ आली.

चाहूल म्हणजे हात लावून दाखवता येईल असं यंत्र नव्हतं. ते एक गणित होतं. काही संशोधकांनी नऊ वर्षं खपून अकरा लाख घरांच्या बारीकसारीक नोंदी जमवल्या होत्या. विजेचं मीटर मिनिटामिनिटाला काय दाखवतं, पाणी कधी वाहतं, कचऱ्याच्या गाडीत किती वजन पडतं, किराण्याची यादी कशी बदलते. त्यांतली जी घरं पुढे दुसरीकडे गेली, त्यांच्या नोंदी त्यांनी मागे मागे जात तपासल्या. तेव्हा त्यांना दिसलं की घर सोडायचं ठरण्याच्या कितीतरी आधी माणसं वेगळी वागायला लागतात, आणि त्यांचं त्यांनाही ते कळत नाही. गळका नळ दुरुस्त करायचा राहतो. तेलाचा पाच लिटरचा डबा बंद होऊन एक लिटरची पिशवी येते. मुलाचा गणवेश वाढत्या अंगाचा न घेता बेताच्या मापाचा घेतला जातो. कुंड्यांना पाणी एक दिवसाआड मिळू लागतं. यातल्या एकेका गोष्टीला काही अर्थ नसतो. पण अशा चारेकशे गोष्टी एकाच बाजूला झुकायला लागल्या की चाहूल सांगते, हे घर उठणार. आणि दहातल्या नऊ वेळा ते उठतं.

मूव्हर्सवाल्यांना आणखी काय हवं होतं? निघणारं घर निघायच्या आधी कळलं तर जाहिरात थेट त्याच दारात टाकता येते. सुरुवातीला त्यांनी ताळतंत्र सोडला. चाळीस-पन्नास टक्के शक्यता असली तरी जाहिराती पाठवायला लागले. ‘आपण लवकरच घर सोडत आहात’ असली पत्रं वाचून लोक घाबरले. तेव्हा प्रणितानं नियम चौदा लिहिला. शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर असेल तरच जाहिरात पाठवायची. ती मोघम नको, कालावधी किती, माणसं किती, सामान किती वजनाचं, हे तिच्यात स्पष्ट लिहायचं. आणि अशी प्रत्येक जाहिरात एका खुल्या नोंदीत चढवायची, कुणीही बघावी, कुणीही पडताळावी. लपवाछपवीतून फसवणूक होते, असं तिचं ठाम मत होतं. आणखी तीन राज्यांनी तो नियम जसाच्या तसा उचलला.

सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी ती बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये शिरली तेव्हा तिचे सासरे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. सुधाकरराव भोयर. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. वय ब्याऐंशी. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून अकोला, चंद्रपूर, नागपूर अशी चौतीस वर्षं त्यांनी पारा, वारा आणि ढग मोजण्यात घालवली होती. दोन वर्षांपासून त्यांचं डायलिसिस चालू होतं, दर मंगळवारी आणि शनिवारी.

“तुमच्या खात्याची कृपा,” असं म्हणून त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

तिनं सवयीनं आधी परवाना क्रमांक पाहिला. खरा होता. पत्ता खरा होता. मग तिनं मजकूर वाचला.

‘आपल्या घराचे स्थलांतर येत्या वीस ते सव्वीस आठवड्यांत होण्याची शक्यता : त्र्याण्णव टक्के. माणसं : दोन. सामान : अंदाजे अकराशे किलो. आम्ही आपल्या सेवेत हजर आहोत.’

‘माणसं : दोन’ या शब्दांखाली पेन्सिलीनं एक सरळ रेघ ओढलेली होती.

तेवढ्यात तुषार वर आला. प्रणिताचा नवरा. खालच्या हॉलमध्ये तो अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायचा. त्यानं उभ्या उभ्याच कागद वाचला आणि हसला.

“चुकलं तुमचं यंत्र. आपण कुठे चाललोय?”

“दहात एकदा चुकतंच ते,” प्रणिता म्हणाली.

“त्र्याण्णव म्हणजे फार झाले गा,” आप्पा म्हणाले. “आम्ही साठ टक्क्यांवर पूर्ण जिल्ह्याला सावध करत होतो. पण एक फरक आहे नं. आम्ही म्हणायचो उद्या पाऊस आहे, तर ढग काही ते ऐकत नव्हता. त्याला यायचं तर यायचा, नाही तर नाही. माणूस ऐकून घेतो. मग त्याच्या डोक्यात ते चालू राहते.”

“आप्पा, तुम्ही नका डोक्यात घेऊ,” तुषार म्हणाला आणि कागद घडी करून त्यानं ड्रॉवरमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणिता डबा भरत होती, तेव्हा आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“प्रणिता, एक विचारतो. घरात आपण तिघं. त्या दोनात कोण कोण?”

हाच प्रश्न घेऊन तिनं रात्र काढली होती.

“आप्पा, ते आकडे असतात नुसते. तसं काही धरून चालू नका.”

“तुला बघता येत असेल नं? त्यांनी कशावरून लिहिलं ते?”

बघता आलं असतं. एक फाइल मागवायचा प्रश्न होता. पण कक्षातल्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या घरासंबंधीची फाइल मागवायची नाही, असा नियम होता, आणि तोही तिनंच घातलेला. नाहीतर उद्या जो तो आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या फायली उघडत बसेल.

“मला माझ्याच घराची फाइल उघडता येत नाही आप्पा. नियमात बसत नाही.”

“बरोबर आहे,” आप्पा म्हणाले. “नियम तो नियम.” आणि सावकाश आपल्या खोलीत गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. प्रणिताला सुटल्यासारखं वाटलं.

जाहिरात ड्रॉवरमध्ये पडली होती, पण खुल्या नोंदीत ती सगळ्यांना दिसत होती. पंधरा दिवसांत पहिला पालक आला. बारावीतल्या एका मुलीचे वडील.

“सर, तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. पण बारावीचं वर्ष आहे. मधेच सर बदलायला नकोत.”

“मी कुठे चाललोय?” तुषारनं विचारलं.

“नोंदीत आहे ना सर. फेब्रुवारी-मार्चपर्यंत.”

“अहो, मी तुमच्यासमोर उभा राहून सांगतोय की मी जात नाहीये!”

ते गृहस्थ अवघडून हसले. “आता तुमचं ठरलेलं नसेल सर. ठरेल.”

एकेक करून मुलं गेली. एकतीसची नऊ झाली. हॉलच्या मालकानं पुढच्या वर्षासाठी दुसरा भाडेकरू बघून ठेवला आणि वर म्हणाला, तुम्हालाच सोयीचं होईल म्हणून. सोसायटीच्या कमिटीतून तुषारचं नाव गळलं. पोळ्या करायला येणाऱ्या शोभाताईंनी समोरच्या इमारतीत एक काम धरलं, कारण तुमचं घर बंद झाल्यावर ऐनवेळी कुठे शोधू, असं त्यांचं म्हणणं. भांडण कुणाशीच झालं नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड वागायला लागले. निरोपाला आलेल्या माणसाशी वागतात तसे.

नोव्हेंबरात तुषारला इंदूरच्या एका मोठ्या क्लासकडून बोलावणं आलं. गणित विभागाचा प्रमुख म्हणून. त्यानं ते प्रणिताला जेवताना सांगितलं, आणि ताटाकडे बघतच पुढे म्हणाला, “जुलैमध्ये मी एकदा त्यांचा अर्ज भरला होता. सहज. मग विसरलो होतो.”

“जुलैमध्ये? मला बोलला नाहीस.”

“बोलण्यासारखं काही नव्हतंच. तेव्हा मला खरंच जायचं नव्हतं.”

“आणि आता?”

“आता इथे काय उरलंय?” तो म्हणाला. “नऊ मुलं. तीही जानेवारीत जातील.”

प्रणिताला इंदूरला बदली मिळण्यासारखी नव्हती. तरी दीर्घ रजा टाकता आली असती. अडचण वेगळीच होती. तुषारनं तिथल्या तीन डायलिसिस केंद्रांना फोन लावले. तिन्ही ठिकाणी नव्या पेशंटला आठ-दहा महिने थांबावं लागत होतं. नागपुरात आप्पांना कायमची जागा होती, ठरलेले वार, ठरलेली खुर्ची. ती सोडून जाणं म्हणजे आप्पांच्या जिवाशी खेळणं.

“मग आपण नाही जायचं,” प्रणिता म्हणाली.

“नाही जायचं,” तुषार म्हणाला. मग फार हळू म्हणाला, “बघू तरी. त्यांना जानेवारीपर्यंत उत्तर हवंय.”

आप्पांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतला रेडिओ बंद झाल्याचं त्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला. आप्पांचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला होता, जिना चढताना ते दोनदा थांबायचे. थंडीमुळे असेल, असं ते म्हणायचे. मंगळवारी आणि शनिवारी ते नेहमीसारखेच सकाळी नऊला रिक्षानं जात, दीड-दोनला परत येत. दंडावर कापसाचा बोळा आणि पट्टी असायची. त्या सोमवारी दुपारी प्रणितानं सहज डायलिसिस केंद्राला फोन केला. सूज आली आहे, डॉक्टरांना जरा बघायला सांगा, एवढंच तिला सांगायचं होतं.

पलीकडची बाई गोंधळली. “सुधाकरराव भोयर? ते तर येत नाहीत मॅडम. पाच वेळा झाल्या, आले नाहीत.”

“काय बोलताय तुम्ही? परवाच आले होते!”

“नाही मॅडम. तुम्ही घर सोडून गेलात ना?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. दोनदा आले नाहीत म्हणून आम्ही खुली नोंद बघितली. त्यात तुमचं घर निघणार असं होतं. म्हटलं, लवकर गेले असतील. ती खुर्ची आम्ही पुढच्या पेशंटला दिली. एरवी दोनदा चुकलं की आम्ही घरी फोन करतोच मॅडम. नियमच आहे आमचा.”

प्रणिता धावत घरी आली. आप्पा पलंगावर उशांना टेकून बसले होते, धाप लागलेली, ओठ निळसर. उशाशी त्यांची कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, कापसाचं पुडकं आणि चिकटपट्टीचं रीळ होतं.

“आप्पा, कुठे जात होता तुम्ही?”

“मेडिकल चौकाजवळच्या बागेत,” ते म्हणाले. “ऊन चांगलं असते तिथं.”

अॅम्ब्युलन्समध्ये त्यांनी तिचा हात धरला. बोलायला त्रास होत होता, पण ते बोलले. “रागावू नको बेटा. मी काही जीव नाही देऊन राहिलो. औषध थांबवलं फक्त. एक खुर्ची मोकळी झाली, कोणाला तरी मिळाली असेल. तुषारचं तिकडं बरं चाललं असतं. मी आहे म्हणून अडलं होतं.”

“कोण म्हणालं अडलंय म्हणून? आम्ही म्हणालो का तुम्हाला?”

“म्हणायला कशाला पाहिजे? त्यांनी लिहूनच पाठवलं होतं. दोन म्हणून. मी आपलं मोजलं. तू आणि तुषार.” ते थांबले, श्वास घेतला. “मी आयुष्यभर लोकांना सांगितलं, खात्याचा अंदाज हसण्यावारी नेऊ नका. मीच कसा नेऊ?”

रुग्णालयात त्यांना तातडीनं डायलिसिसवर घेतलं, पण फुप्फुसांत पाणी भरलं होतं आणि हृदयाला ताण सोसवेना. बुधवारी दुपारी साडेतीनला आप्पा गेले.

तेराव्या दिवशी नातेवाईक पांगल्यावर तुषार प्रणिताजवळ येऊन बसला.

“एक विचार मनातून जात नाही,” तो म्हणाला. “चाहूलला सप्टेंबरातच कळलं होतं. आप्पा राहणार नाहीत, हे तेव्हाच दिसत होतं तिला. म्हणजे आपण काहीही केलं असतं, तरी हेच झालं असतं. खरं ना?”

तो तिच्याकडे इतक्या आशेनं बघत होता की ती ‘हो’ म्हणाली.

त्यानं इंदूरला होकार कळवला. त्याला जरा झोप लागायला लागली. प्रणिताला लागेना. एका सकाळी ऑफिसात पोचल्याबरोबर तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला आणि स्वतःच्या घराची फाइल मागवली.

फाइल घेऊन चाहूलच्या नागपूर शाखेतल्या संख्याशास्त्रज्ञ फरहीन शेख स्वतः आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर भोयरांच्या घराचा आलेख उघडला.

“आप्पांचा मृत्यू कशावरून दिसला, तेवढंच मला बघायचंय,” प्रणिता म्हणाली. “वजन कमी झालं होतं? पाणी कमी वापरलं जात होतं?”

फरहीनबाईंनी आलेखातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “मॅडम, मृत्यू दिसलेला नाही कुठेच. मूळ अंदाज तिघांचा आहे. हे बघा. तीन माणसं, तिघांचंही स्थलांतर. त्र्याण्णव टक्के हे तिघांचे आहेत.”

“मग जाहिरातीत दोन कसे?”

“तुमच्या कक्षाचं पत्रक नऊ,” फरहीनबाई म्हणाल्या. “पंचाहत्तरीच्या वरच्या, उपचार चालू असलेल्या माणसांची माहिती जाहिरातीत वापरायची नाही. काही कंपन्या आजारी म्हाताऱ्यांच्या घरांना गाठून घाई करायला लावत होत्या, म्हणून ते काढलं होतं. त्यामुळे जाहिरात छापताना असं माणूस आकड्यातून आपोआप झाकलं जातं. काढलेलं नसतं मॅडम. नुसतं झाकलेलं.”

“पत्रक कुणाच्या सहीनं निघालं?”

फरहीनबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. खाली तिचीच सही होती. त्या आठवड्यात तिनं चाळीसेक पत्रकांवर सह्या केल्या होत्या. हे पत्रक तिला आठवलं. चांगलं काम झालं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

“असं आणखी किती घरांत झालं असेल?” तिनं विचारलं.

“म्हातारं, आजारी माणूस असलेल्या प्रत्येक घरात, जिथे जाहिरात गेली तिथे,” फरहीनबाई म्हणाल्या. “आम्ही दोनदा कळवलं होतं मॅडम. उत्तर आलं की पुढच्या आढावा बैठकीत बघू.”

ते उत्तरही प्रणिताच्याच कक्षातून गेलेलं होतं.

त्या संध्याकाळी तुषार पुस्तकं खोक्यांत भरत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. न सांगता ती त्याच्याबरोबर इंदूरला जाऊ शकली असती. तसं तिनं दिवसभर घोळवूनही पाहिलं होतं. पण समोर तो आप्पांच्या जुन्या नोंदवह्या पुसून पुसून ठेवत होता, आणि तिला राहवलं नाही.

हातातली वही त्यानं खोक्यात ठेवली.

“म्हणजे आप्पा त्यात होते.”

“होते.”

“आपण तिघं जाणार होतो.”

“हो.”

“त्यांनी तुला विचारलं होतं ना? दोनात कोण, म्हणून? मी बाथरूममध्ये होतो, ऐकलं होतं मी.” त्याचा आवाज चढला नाही. “तेव्हाच फाइल मागवली असतीस तर?”

“नियमात बसत नव्हतं, तुषार.”

त्यानं खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, “मला तू सांगायला नको होतंस.” आणि थोड्या वेळानं, “नाही. सांगायलाच हवं होतं. पण आता मी तुझ्याबरोबर राहू शकेन असं मला वाटत नाही.”

जानेवारीच्या शेवटी तो एकटाच इंदूरला गेला. छोट्या टेम्पोत त्याचं सामान मावलं. दर रविवारी तो फोन करतो. दोघं हवापाण्याचं बोलतात.

प्रणितानं पत्रक नऊ बदलण्याचा प्रस्ताव मांडला. माणसांचा आकडा जाहिरातीतून काढून टाका, निदान ‘ज्येष्ठ व्यक्ती मोजलेली नाही’ एवढी ओळ तरी छापा, असं तिनं लिहिलं. बैठकीत सगळ्यांनी ऐकून घेतलं. एका सदस्यानं सहानुभूतीनं सांगितलं की व्यक्तिगत दुःखातून धोरण बदलता येत नाही. दुसऱ्यानं दाखवून दिलं की ती ओळ छापली तर कुठल्या घरात आजारी म्हातारं माणूस आहे हे उघडच होईल, आणि पत्रकाचा हेतूच बारगळेल. त्याचं चूक नव्हतं. आकडा पूर्ण काढायला मूव्हर्सवाल्यांची संघटना तयार नव्हती. प्रस्ताव अभ्यासगटाकडे गेला. अभ्यासगटाला अठरा महिन्यांची मुदत मिळाली.

तेव्हापासून ती ऑफिस सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी घरं फिरते. खुली नोंद उघडायची, रेशनकार्डांची यादी शेजारी ठेवायची, जाहिरातीतला आकडा घरातल्या माणसांपेक्षा कमी असेल ते घर शोधायचं, मूळ अंदाज फाइलीत पडताळायचा आणि दार ठोठावायचं. नागपूर जिल्ह्यात रोज अशी वीस-बावीस घरं नोंदीत चढतात. तिच्यानं दिवसाला दोन होतात, रविवारी पाच. काही जण ऐकून घेतात. काही दारातूनच परत पाठवतात, मूव्हर्सवाल्यांची एजंट समजून. काही ठिकाणी दारावर कुलूप असतं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी ती हिंगण्याच्या एका बैठ्या घरात गेली. लीलाबाई उमाठे नावाच्या ऐंशीच्या आजींनी दार उघडलं. जाहिरातीत तीन माणसं होती. घरात मुलगा, सून, नातू आणि या, अशी चार. प्रणितानं त्यांना समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या आकड्यात धरत नाहीत. म्हणून तीन. मूळ अंदाजात तुम्ही आहात आजी. तुम्हाला कुणी वगळलेलं नाही.

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. “मी आहे त्याच्यात?”

“आहात.”

“चार महिने झाले बाई, मी पोराला विचारलं नाही. हिंमतच झाली नाही. जेवतानाही वर बघत नव्हते मी.” त्यांनी प्रणिताचा हात घट्ट धरला. “तुम्ही थांबा. तो येईलच आता. तुम्हीच सांगा त्याला. मी सांगितलं तर त्याला वाटेल, म्हातारी आपल्या मनचं बोलते.”

प्रणिता थांबली. लीलाबाईंनी तिला नातवाची चित्रं दाखवली, अंगणातली मोगऱ्याची वेल दाखवली. त्या सारख्या बोलत होत्या, मधेच हसत होत्या.

अकराच्या सुमाराला मुलगा आला. संजय उमाठे, पन्नाशीचा, एका कारखान्यात फोरमन. त्यानं बूट काढत काढत सगळं ऐकलं. पत्रक नऊ, झाकलेला आकडा, सगळं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं एकदा आईकडे पाहिलं आणि नजर वळवली.

“मॅडम, तुम्ही दोन महिन्यांपूर्वी यायला पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“का? काय झालं?”

“आम्ही वृद्धाश्रमात नाव घातलं आईचं. परवा जागा मिळाल्याचा निरोप आला. तिला अजून सांगायचं होतं.” तो खुर्चीवर बसला. “आमच्या मनात नव्हतं हो मॅडम. देवाशपथ नव्हतं. पण जाहिरातीत तीनच होते. मी आणि बायको रोज बघायचो तो कागद. आम्हाला वाटलं, म्हणजे आम्ही तिला नेणार नाही आहोत. आम्हालाच अजून कळलेलं नाही, पण शेवटी असंच करणार आहोत. मग वाटलं, होणारच आहे तर नीट ठिकाण तरी बघावं.”

“पण आता कळलं ना तुम्हाला,” प्रणिता म्हणाली. “आता नाव काढून घ्या.”

संजय हाताच्या बोटांकडे बघत राहिला. पुण्याला घेतलेलं घर दोन खोल्यांचं होतं. सामान तिघांच्या बेतानं लावायचं ठरलं होतं. बायकोनं तिथे नोकरी धरली होती, दिवसभर घरी कुणी नसणार होतं. हे सगळं तो तुटक तुटक सांगत गेला, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत गेला, जणू प्रणितानं ते खोडून काढावं म्हणून.

“इतकं सगळं ठरून गेलंय मॅडम,” तो शेवटी म्हणाला. “आता उलट फिरायचं म्हणजे...”

लीलाबाई मघापासून दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, प्रणिताकडे पाहिलं. मग पदर सावरून त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला.

“बाई,” त्यांनी आतून विचारलं, “चहात साखर घेता नं तुम्ही?”